धागा का तुटतो? सोलापूरच्या मागांची दीडशे वर्षांची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आज आपण सोलापुरात जाणार आहोत. माझंच गाव, त्यामुळे थोडं जास्त बोललो तर सांभाळून घ्या.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. आमच्या क्षेत्रात एक गोष्ट प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेली असते. फ्रान्समधल्या लिऑन शहरात जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ मध्ये एक यंत्र केलं, जे पुठ्ठ्याच्या कार्डांवरची भोकं वाचून कापडात नक्षी विणायचं. भोक आहे तर धागा वर, नाही तर खाली. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजने ही कल्पना आपल्या गणन यंत्रासाठी उचलली, १८४३ मध्ये एडा लवलेसने त्यावर टिपणं लिहिली, आणि तिथून धागा थेट तुमच्या हातातल्या मोबाइलपर्यंत येतो. गोष्ट खरी आहे आणि सोलापुरी चादरीवरची नक्षी याच जॅकार्डवर निघते. म्हणजे एका अर्थाने आमचं अख्खं गाव कॉम्प्युटरच्या आधीपासून प्रोग्रॅम चालवत होतं.

पण ही अर्धीच गोष्ट झाली. कार्ड अगदी बरोबर आहे, यंत्र नीट तेल-पाणी केलेलं आहे, आणि धागाच तुटला तर? मग नक्षी गेली, वेळ गेला, कामगाराची मजुरी गेली. गेली दीडशे वर्षं सोलापूरच्या कापडाचं नशीब कार्डांपेक्षा या एका प्रश्नावर जास्त ठरलंय: धागा का तुटतो? आज त्याच्या मागे लागूया.

आधी घोंगडी

गिरण्यांच्या खूप आधी जाऊ. पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा या माणदेशाला लागून असलेल्या कोरड्या पट्ट्यात मेंढरं होती आणि मेंढरांच्या लोकरीची घोंगडी विणली जायची. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. तिचं सूत काढलं की त्यावर बारीक केस उभे राहतात. हे सूत ताण्यावर, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांत, तसंच लावलं तर शेजारशेजारचे धागे एकमेकांत अडकतात, घासतात आणि तुटतात.

यावर विणकरांनी काढलेला उपाय म्हणजे चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजायचे, फोलपट काढायचं, वाटायचे, शिजवायचे, आणि ताणा लांब पसरून ती चिकट खळ ब्रशने त्यावर फिरवायची. उभे राहिलेले केस खाली बसतात, धाग्यावर एक पातळ कवच तयार होतं.

इथे एक गंमत लक्षात घ्या. आपल्याला वाटतं खळीमुळे धागा ‘मजबूत’ होतो. थोडा होतो, पण खरा फायदा वेगळा आहे. खळ घर्षण सोसते. मागावर धागा एकदम ओढला जाऊन क्वचितच तुटतो. तो हजार वेळा घासून झिजतो आणि मग तुटतो. आणि खळीला किंमत मोजावी लागते. ती जास्त झाली तर धागा ताठ होतो, त्याची लवचिकता जाते, खळीचा भुगा पडतो. कमी झाली तर केस पुन्हा उभे. मध्ये कुठेतरी एक अरुंद पट्टी असते, आणि विणकर ती बोटांनी ओळखायचा.

दुसरी युक्ती होती खड्डामाग. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून विणकर बसणार, आणि ताणा जमिनीच्या अगदी जवळून जाणार. जमिनीचा ओलावा धाग्याला मिळतो. तिकडे ढाक्याचे मलमल विणणारे सकाळ-संध्याकाळ हवेत दमटपणा असताना बारीक सूत हाताळायचे, तेही याच कारणाने. आर्द्रता मोजायचं यंत्र कुणाकडे नव्हतं, पण कारण सगळ्यांना माहीत होतं.

लँकेशरची यंत्रं, दख्खनची हवा

१८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली. कापूस बाहेर जाऊ लागला आणि यंत्रं आत येऊ शकत होती. १८७६ ते ७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. खेड्यापाड्यातले हात काम शोधत होते, आणि त्याच सुमारास, १८७७ मध्ये, सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. आज आपण जिला ‘जुनी मिल’ म्हणतो, ती हीच. नंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या आल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकरांची कुटुंबं येत राहिली आणि शहराचा पूर्व भाग तेलुगू-मराठी मिसळून बोलायला लागला.

त्या काळात भारतातल्या गिरण्यांची यंत्रं बहुतेक इंग्लंडमधल्या लँकेशरहून यायची. आता प्रश्न असा, की लँकेशरचं यंत्र कोणत्या कापसासाठी बनलं होतं? मुख्यतः अमेरिकन कापसासाठी, ज्याचा तंतू लांब असतो. आपल्याकडचा तेव्हाचा देशी कापूस आखूड आणि त्यात पाला-कचरा जास्त.

तंतू आखूड असला तर काय बिघडतं? सूतकताईत कापसाचा पेळू रोलरच्या जोड्यांमधून जातो. पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा वेगाने फिरते, त्यामुळे पेळू ताणला जाऊन बारीक होतो. या दोन जोड्यांमधलं अंतर तंतूच्या लांबीपेक्षा किंचित जास्त हवं. अंतर कमी ठेवलं तर लांब तंतू दोन्हीकडून पकडला जाऊन तुटतो. जास्त ठेवलं तर आखूड तंतू मध्येच कुणाच्याही हातात नसतो, तरंगतो, आणि सूत कुठे जाड कुठे बारीक होतं. बारीक जागा म्हणजे पुढे मागावर तुटणार ती जागा. म्हणजे मागावर दिसणारा दोष खरं तर दोन खाती आधी जन्माला आलेला असतो. ज्यांनी कधी प्रोडक्शनमधला बग शोधलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

लँकेशरला हा धडा आधीच मिळाला होता. १८६१ ते ६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध झालं, अमेरिकन कापूस बंद झाला आणि इंग्लंडला हिंदुस्थानी कापूस वापरावा लागला. तिथे त्याला सरसकट ‘सुरत’ म्हणत. तोच माग, तोच कामगार, पण धागे पटापट तुटायला लागले. तिथल्या विणकराला मजुरी कापडावर मिळायची, त्यामुळे प्रत्येक तुटलेला धागा त्याच्या खिशातून जायचा. ‘सुरत’ हा शब्द तिकडे चक्क शिवीसारखा वापरला जाऊ लागला. कापूस वाईट होता का? नाही. याच कापसाच्या सुताने आपल्याकडच्या हातांनी शतकानुशतकं कापड विणलं होतं. कापूस आणि यंत्र यांची जोडी जुळलेली नव्हती, एवढंच.

पाणी: धाग्याचं आणि माणसाचं

आता सोलापूरकरांच्या जिव्हाळ्याचा विषय: उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर आणि हवा अशी कोरडी, की वाळत घातलेले कपडे तासाभरात कडक.

कापसाच्या तंतूत पाणी असतं. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल तर १०० किलो कोरड्या कापसामागे साधारण साडेआठ किलो पाणी तंतू धरून ठेवतो. हवा ३० टक्क्यांवर आली की हे पाणी निम्म्यावर येतं. आणि कापसाचा एक विचित्र गुण आहे: तो ओला असताना जास्त बळकट असतो. रेयॉनचं अगदी उलटं, ते ओलं झालं की कमकुवत होतं. शिवाय कोरड्या हवेत खळीचं कवच तडकतं, घर्षणाने स्थिर वीज तयार होते, तंतू उडतात आणि एकमेकांना चिकटतात. म्हणून विणाई खात्यात आर्द्रता ७५ ते ८५ टक्क्यांपर्यंत ठेवायची पद्धत पडली.

सोलापूरच्या मे महिन्यात ८० टक्के आर्द्रता? ती बनवावी लागते. हवेत पाण्याचे फवारे सोडायचे, खिडक्या बंद ठेवायच्या. धागा खूश. पण त्याच खोलीत माणूसही उभा आहे. चाळीसच्या आसपास तापमान आणि वर दमटपणा म्हणजे घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही. धाग्याला मानवणारी हवा माणसाला मानवत नाही, आणि गिरणीचा हिशेब करणाऱ्यांना यातला एकच आकडा दिसत होता.

लँकेशरमध्ये तर थेट वाफ सोडायचे. कामगारांनी त्याविरुद्ध इतका आवाज उठवला, की १८८९ मध्ये तिथे कायदा करून विणाई खात्यातल्या आर्द्रतेवर मर्यादा घालावी लागली. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर आलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम १५ फक्त याच विषयावर होतं: कृत्रिम आर्द्रता किती असावी, ती कशी मोजावी, आणि त्यासाठी वापरायचं पाणी स्वच्छ असावं. ‘पाणी स्वच्छ असावं’ हे कायद्यात लिहावं लागलं. गटाराचं पाणी फवारलं तर ते फुप्फुसातच जाणार ना! आणि कापसाची धूळ तर होतीच. तिने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. रविवारची सुट्टी घेऊन सोमवारी कामावर आलं की छाती जास्त आवळते, ही त्याची ओळख.

नागपूरचा प्रयोग

सोलापूरची गिरणी ज्या वर्षी सुरू झाली, त्याच वर्षी, १ जानेवारी १८७७ ला, नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. नागपूरची हवाही आपल्यासारखीच कोरडी. हवेत ओलावा सोडायची यंत्रणा बसवणाऱ्या भारतातल्या सुरुवातीच्या गिरण्यांत तिचं नाव घेतलं जातं.

तिथला दुसरा प्रयोग जास्त गाजला. तेव्हा सूतकताईसाठी म्यूल नावाचं यंत्र चालायचं. म्यूल थांबत थांबत कातायचं: आधी सूत ओढायचं, मग गुंडाळायचं. अमेरिकेत रिंग फ्रेम नावाचं नवं यंत्र आलं होतं, जे न थांबता कातायचं. लँकेशरवाले आपल्या म्यूलवर खूश होते. एम्प्रेसमध्ये मात्र १८८० च्या दशकात रिंग फ्रेम आणून, इथल्या कापसावर, इथल्या हवेत चालवून बघितल्या. जाडसर सुताला ते यंत्र चांगलं मानवलं, उत्पादन वाढलं, आणि पुढे भारतातल्या गिरण्या मोठ्या प्रमाणात रिंगवर गेल्या. मला यात आवडते ती पद्धत. यंत्र बनवणाऱ्याच्या कॅटलॉगवर विश्वास ठेवण्याऐवजी आपल्या मालावर चाचणी घेतली.

एक छोटा हिशेब

आता कागद-पेन घ्या, किंवा मोबाइलमधलं कॅल्क्युलेटर उघडा. आकडे मी सोयीसाठी धरलेत, पण हिशेब खरा आहे.

समजा एका चादरीत २,४०० उभे धागे आहेत. चादर ९० इंच लांब, आणि इंचाला ४० आडवे धागे. म्हणजे एका चादरीसाठी धोटा ३,६०० वेळा जाणार. प्रत्येक फेरीत प्रत्येक उभ्या धाग्यावर ताण बसणार आणि सुटणार. २,४०० गुणिले ३,६०० म्हणजे ८६ लाख ४० हजार वेळा.

आता धरा, की धागा दर दहा लाखांत फक्त एकदा दगा देतो. भरवसा ९९.९९९९ टक्के. आमच्या ऑफिसात असा सर्व्हर असेल तर पार्टी होईल. पण मागावर? एका चादरीत आठ-नऊ धागे तुटणार. मिनिटाला १२० फेऱ्यांनी चादर अर्ध्या तासात होते, म्हणजे दर साडेतीन मिनिटांनी एक धागा. गाठ मारून माग पुन्हा चालू करायला एक मिनिट धरलं, तर एक कामगार दोन माग आरामात सांभाळेल. चार माग दिले, तर दर ५२ सेकंदांनी कुठेतरी धागा तुटेल आणि काम एका मिनिटाचं. तो कितीही धावला तरी मागेच राहणार.

हा कागदावरचा खेळ नाही. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला, त्यात एक मोठा मुद्दा हाच होता. मालकांना एका कामगाराकडे जास्त यंत्रं द्यायची होती. कामगारांचं म्हणणं होतं, की आधी कापूस चांगला द्या, सूत चांगलं द्या, मग जास्त यंत्रांचं बोला. संपानंतर फॉसेट समिती नेमली गेली. कामगारांना आळशी म्हणणाऱ्यांनी वरचं गणित मांडून बघितलं असतं, तर कामगार बरोबर बोलतायत हे दिसलं असतं. धागे निम्मे तुटायला लागले, तरच दुप्पट माग सांभाळता येतात. सुरुवात मालापासून करावी लागते.

तिकडे जपानमध्ये साकिची तोयोदांनी १९२४ मध्ये जो स्वयंचलित माग आणला, त्याची खासियत ही होती, की धागा तुटला की माग स्वतःच थांबायचा. कामगाराला प्रत्येक मागावर डोळे लावून बसायची गरज नाही, आणि खराब कापड पुढे विणलं जात नाही. १९२९ मध्ये लँकेशरच्या प्लॅट ब्रदर्स या मोठ्या यंत्र कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले. ज्यांच्याकडून जग यंत्रं घ्यायचं, ते जपानकडून घेऊ लागले. तोयोदांच्या मुलाने पुढे काढलेली मोटारींची कंपनी म्हणजे टोयोटा.

जेव्हा धाग्याचा दोष नसतो

ऑगस्ट १९४९ मध्ये जुनी मिल बंद पडली. हजारो घरांचा प्रश्न होता. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून गिरणीचा कारभार ताब्यात घेतला आणि मग संसदेने या एका गिरणीसाठी खास कायदा केला. त्यात कारण दिलं होतं गैरव्यवस्थापन आणि दुर्लक्ष. एका भागधारकाने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. चिरंजीतलाल चौधरी विरुद्ध भारत सरकार हा तो खटला. समानतेच्या हक्काबद्दल तो आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना अभ्यासाला असतो. म्हणजे सोलापूरची गिरणी राज्यघटनेच्या पुस्तकात जाऊन बसली.

मी हे इथे सांगतोय कारण यंत्र आणि माल यांची जोडी कितीही जुळवली, तरी कारभार बिघडला की गिरणी बंद पडते. विसावं शतक सरता सरता शहरातल्या बाकीच्या मोठ्या गिरण्याही एकेक करून थंड झाल्या. पण त्यांतून बाहेर पडलेलं ज्ञान शहरात राहिलं. ते यंत्रमागांच्या छोट्या कारखान्यांत गेलं.

चादर, टॉवेल आणि आज

सोलापुरी चादर उलटसुलट करून बघा. एका बाजूला ज्या रंगाची नक्षी, दुसऱ्या बाजूला तेच रंग अदलाबदल होऊन येतात. दोन थर एकमेकांत गुंतवून विणलेले असतात, आणि कोणता धागा कधी वर येणार हे जॅकार्ड ठरवतं. जाड, दोन पदरी सूत असल्यामुळे ती वर्षानुवर्षं टिकते.

टॉवेलचं तर याहून भारी आहे. टॉवेलच्या मागावर उभ्या धाग्यांचे दोन बीम असतात. एक ताठ ताणलेला, दुसरा सैल. दोन आडवे धागे थोडे अंतर राखून ठेवायचे आणि तिसरा आला, की फणीने तिन्ही एकदम ठोकायचे. ताठ धागे जागेवर राहतात आणि सैल धाग्यांना जायला जागा नसते, म्हणून ते वर उचलले जाऊन फासे बनतात. तुमचं अंग पुसणारे ते फासे म्हणजे दोन ताणांमधला फरक. सैल बीमचा ताण जरा वाढला की फासा आखूड, टॉवेल पाणी शोषत नाही. जरा कमी झाला की फासे वेडेवाकडे. पूर्व भागात एका कारखान्यातले जॉबर काका चालू मागावरच्या ताण्यावर नुसता तळहात टेकवून हे सांगतात. मी ताण मोजायच्या सेन्सरबद्दल विचारत होतो, तेव्हा त्यांनी माझा हात धरून ताण्यावर ठेवला. मला काहीच कळलं नाही, त्यांना सगळं कळत होतं.

२००५-०६ मध्ये सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल या दोघांना भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही बाजारात सोलापुरी नावाने बाहेरचा माल विकला जातो, आणि पॉलिस्टरची हलकी, स्वस्त ब्लँकेटं चादरीची जागा खातायत. नवे रेपिअर माग जुन्या मागांपेक्षा कितीतरी वेगाने धावतात. आणि वेग वाढला, की वरच्या हिशेबातले सगळे आकडे बदलतात: त्याच सुताला मिनिटाला कितीतरी जास्त झटके. नवा माग आणून जुनंच सूत, जुनीच खळ आणि पत्र्याच्या शेडमधली तीच कोरडी हवा ठेवली, तर महागडं यंत्र थांबण्यातच वेळ घालवणार. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

म्हणून माझं आपलं साधं म्हणणं आहे. प्रत्येक मागाशेजारी एक वही, किंवा मोबाइलमधली एक यादी असावी. धागा तुटला की वेळ, मागाची बाजू, तेव्हाची आर्द्रता आणि सुताचा लॉट टिपायचा. महिनाभरात दिसेल, की दुपारी तुटतात की रात्री, एकाच लॉटचे तुटतात की सगळ्यांचे. त्या यादीत जॉबर काकांच्या तळहाताला काय वाटलं, यालाही एक रकाना ठेवायचा. ती पिढी आता साठीच्या पुढे आहे. आणि अजून एक रकाना शेडमधल्या तापमानाचा, कामगारासाठी. तो दीडशे वर्षं राहून गेलाय.

तर मंडळी, घरी सोलापुरी चादर असेल तर आज रात्री अंगावर घ्यायच्या आधी तिची कड जवळून बघा. कुठेतरी एक बारीकशी गाठ बोटाला लागेल. तिथे एक धागा तुटला होता, माग थांबला होता आणि कुणीतरी तो जोडला होता.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!